लाल कंदिलाखालचं पाचवं शील

जपानच्या मोठ्या शहरांत संध्याकाळ झाली की एखाद्या स्टेशनाबाहेर परदेशी पाहुण्यांचं टोळकं जमतं. पुढे एक वाटाड्या असतो आणि तो त्यांना गल्लीबोळांतून दोन-तीन इझाकायांत फिरवून आणतो. इझाकाया म्हणजे दारूच्या जोडीला नीटस खाणं देणारं छोटं दुकान. दाराशी लाल कागदी कंदील, आत एक लांब फळी, फळीपलीकडे निखाऱ्यांवर कोंबडीच्या सळया भाजणारा मालक. पदार्थांची नावं हाताने लिहून भिंतीला चिकटवलेली असतात. परक्या माणसाला दारातला कापडी पडदा सारून एकट्याने आत शिरायचा धीर होत नाही, म्हणून वाटाड्या. तिकिटात ठरावीक पदार्थ आणि ठरावीक पेले धरलेले असतात, पुढचं ज्याचं त्याने बघावं. जाहिरातीत या फेरीला संस्कृतीची ओळख म्हणतात आणि त्यात फारसं खोटं नाही. आता मराठवाडा संपून वऱ्हाड सुरू होतो तिथल्या, हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याचा विचार करा. या टापूत गावोगाव बौद्ध वस्ती आहे. जयंती असो, लग्न असो की पुण्यानुमोदन, त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय तिथे कार्यक्रम पुढे सरकत नाही. अशा घरातला मुलगा नोकरीसाठी ओसाकाला गेला आणि सहकाऱ्यांनी त्याला अशा फेरीला ओढलं, तर त्याने काय करावं? त्याच्या पेल्यात ओतायला सरसावलेला जपानी सहकारीही बौद्धच. बुद्ध एक, दारू वर्ज्य करणारं पाचवं शीलही एक. मग चुकतो कोण?

या प्रश्नाची दोन उत्तरं तयारच असतात. पहिलं सरळ आहे: शील घेतलंय, विषय संपला. दुसरं शहरी, सुशिक्षित मंडळींना आवडणारं आहे. शीलाचा रोख दारूवर नसून प्रमादावर, बेसावधपणावर आहे; तेव्हा भान ठेवून घोटभर घेतली तर शील मोडत नाही, असं ते सांगतं. हे दुसरं उत्तर ऐकायला शहाणं वाटतं, पण मला ते मुळीच पटत नाही. पहिलं पटतं, पण त्याच्यामागचं कारण सहसा कुणी सांगत नाही. माझ्या मते कळीचा मुद्दा निवाड्याचा आहे. पुरे झालं हे ठरवायचं कुणी? ज्या बुद्धीने ते ठरवायचं, तिच्यावरच दारू पहिला हात टाकते. म्हणून निवाडा करणारा पिणाऱ्याच्या बाहेर असावा लागतो. धर्म, चालीरीती आणि कायदा यांनी दारूबाबत जे काही शहाणपण कमावलं आहे, ते या बाहेरच्या पंचाला कुठे बसवायचं याच्या शोधातून आलेलं आहे.

विनयपिटकात भिक्खूंना दारू वर्ज्य करणारा नियम कसा आला याची एक कथा आहे. सागत नावाचा भिक्खू मोठा सिद्धीवाला. एका आश्रमात ठाण मांडून बसलेल्या विषारी नागाशी त्याने झुंज घेतली, आगीला आगीने उत्तर दिलं आणि नागाला नमवलं. ही कीर्ती कोसंबीला पोचली. तिथल्या उपासकांनी मोठ्या भक्तीने विचारलं, की भिक्खूंना सहसा न मिळणारी, पण आवडेल अशी वस्तू कोणती? टवाळखोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या सहा भिक्खूंच्या टोळीने सांगितलं, कबुतराच्या रंगाची नितळ दारू. मग काय, घरोघरी दारू तयार झाली आणि दुसऱ्या दिवशी सागत भिक्षेला निघाला तेव्हा प्रत्येक दारी त्याच्यापुढे ती आली. शहराबाहेर पडता पडता तो वेशीतच कोसळला. भिक्खूंनी उचलून आणलं, बुद्धांकडे डोकं करून निजवलं, तर गडी लोळत वळला आणि पाय बुद्धांकडे करून झोपला. काल नागाला नमवणारा हा आज पाण्यातल्या बिनविषारी सापाशी तरी झुंजू शकेल का, असं बुद्धांनी विचारलं आणि नियम घातला.

जगातली ही सर्वांत जुनी मद्यफेरी म्हणायला हरकत नाही, फक्त तिला वाटाड्या नव्हता. कथेत सागताला दुष्ट कुणीही म्हणत नाही. त्याच्या अंगी संयम नव्हता असंही नाही. नाग नमवणाऱ्याकडे मनाची ताकद कमी कशी असेल? आणि पाजणारेही वाईट नव्हते. प्रत्येक घराने भक्तीने, आग्रहाने थोडीशीच दिली. एकूण किती झाली हे मात्र एकाही घराला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक असायला हवं होतं, त्या सागताची मोजणारी बुद्धी घरागणिक कमी होत गेली. ‘भान ठेवून प्यावं’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न एवढाच आहे, की सागताने नेमक्या कितव्या दारी थांबायला हवं होतं आणि ते त्याला त्या दारी कळलं असतं का? पहिल्या दारापूर्वी कळलं असतं. पाचवं शील बरोबर तिथे उभं आहे.

जपानी बौद्धांनी शील सोडून दिलं, असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. वस्तुस्थिती जरा गुंतागुंतीची आहे. जपानमधल्या हिएई पर्वतावर आचार्य सैचोने बोधिसत्त्वशीलांची परंपरा रुजवली. त्यासाठी ब्रह्मजाल सूत्राचा आधार घेतला, आणि त्या परंपरेला राजमान्यता मिळाली इ. स. ८२२ मध्ये, सैचोच्या मृत्यूनंतर लगेच. या सूत्रात दहा मोठी आणि अठ्ठेचाळीस लहान शीलं आहेत. गंमत अशी, की दारू विकणं हा मोठ्या दहांतला अपराध आहे आणि पिणं हा लहानांतला. दुसऱ्याच्या हातात पेला देणारा पुढचे पाचशे जन्म हात नसलेला जन्मेल, अशी धमकीही त्यात आहे. धमकी बाजूला ठेवू. दोषाचं माप बघण्यासारखं आहे: पिणाऱ्यापेक्षा पाजणारा जास्त दोषी. कोसंबीच्या कथेत जो प्रश्न अर्धवट सुटला होता, त्याला हे दुसऱ्या बाजूने दिलेलं उत्तर आहे. पंच म्हणून ओतणाऱ्या हाताला जबाबदार धरलं आहे.

प्रत्यक्षात जपानी मठांनी या शीलाचं काय केलं हेही लपवायचं कारण नाही. नारा शहराजवळच्या शोर्याकुजी मठाची दारू मध्ययुगात नावाजलेली होती. आजच्या नितळ साकेचा एक उगम तिथे सांगतात. मठांत दारूला ‘हान्न्यातो’, म्हणजे प्रज्ञेचा काढा, असं टोपणनाव पडलं. झेन मठांच्या दाराशी कांदा-लसूण आणि दारू आत आणू नये असं बजावणारे दगडी खांब आणि आत प्रज्ञेचा काढा, हा विनोद जपानी लोकांनी स्वतःच पुष्कळदा केलेला आहे. आचार्य कूकाईने ८१६ मध्ये स्थापन केलेल्या कोयासानवर, डोंगरातल्या थंडीसाठी मिठाबरोबर एक पेला घ्यायची मुभा त्यानेच दिली असं परंपरा सांगते. तिथल्या मठांत मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना आज शाकाहारी जेवणाबरोबर साके किंवा बिअर मागवता येते. याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला. महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचं अनावरण केलं. दारू न पिण्याची प्रतिज्ञा लाखोंकडून म्हणवून घेणारा माणूस आणि प्रज्ञेचा काढा पिणारा डोंगर, यात काहींना विसंगती दिसते. मला त्यात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी उभी राहिलेली दिसतात.

जपानी उत्तर कुठे आहे ते मठापेक्षा इझाकायाच्या फळीवर चांगलं दिसतं. एडो काळात दारू विकणाऱ्या दुकानांत बसून प्यायची सोय झाली, मग तोंडी लावायला काहीबाही मिळू लागलं आणि त्यातून ही संस्था वाढली. बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी पुढे येते, उकडलेल्या भाजीची किंवा मुरवलेल्या माशाची. तिला ओतोशी म्हणतात आणि तिचे पैसे बिलात लागतात. परदेशी पाहुण्यांचं पहिलं भांडण याच वाटीवरून होतं. पण ही वाटी बसायचं भाडं तर असतेच, शिवाय रिकाम्या पोटी पिऊ न देण्याचा बेतही त्यात आपोआप साधतो. मग स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतायचं नाही, शेजाऱ्याने ओतायचं आणि आपण त्याचा पेला भरायचा. पेले बोटभर उंचीचे. शेवटी भात किंवा शेवयांचा वाडगा मागवायचा; तो आला की पिणं आटोपलं असं सगळे समजतात. दुकान बंद व्हायच्या आधी ‘आता शेवटचं सांगा’ म्हणून मालक विचारून जातो. यातली एकेक रीत धंद्याची आहे, शिष्टाचाराची आहे, पुण्यासाठी कुणी करत नाही. पण सगळ्या मिळून निवाडा पिणाऱ्याकडून काढून शेजाऱ्याकडे, वाडग्याकडे, मालकाकडे वाटून देतात. वाटाड्याने नेलेल्या फेरीत तर एक नवाच पंच येतो. कोसंबीत कुणाजवळ नव्हती ती बेरीज त्याच्याजवळ असते.

इथे कुणी म्हणेल, की हे फार गोड चित्र झालं. हरकत बरोबर आहे. जी फळी माणसाला थांबवते तीच त्याला ढकलतेही. साहेब ओततोय म्हटल्यावर कारकुनाने नको कसं म्हणायचं? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एका दमात पेला रिचवायला लावून जीव गेल्याच्या घटना जपानमध्ये वारंवार झाल्या आहेत आणि अशा सक्तीला तिथे छळाचा एक प्रकार मानू लागले आहेत. शिवाय सुमारे ४० टक्के जपान्यांच्या शरीरात दारू पचवणारं एक विकर धड काम करत नाही. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, तरी शेजारी ओततच असतो. दारूच्या दुष्परिणामांवर २०१३ साली तिथल्या संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणजे पंच बाहेर बसवला की झालं, असं नाही. तो कुणाचा माणूस आहे हे बघावं लागतं. ज्याला पाजण्यात सत्ता किंवा पैसा मिळतो, त्याच्या हाती निवाडा गेला तर पंच नसलेला बरा.

जपानने ही चूक एका ठिकाणी तरी ओळखली. ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओकात पुलावर दारू प्यालेल्या चालकाने एका कुटुंबाच्या गाडीला मागून ठोकलं, गाडी खाडीत पडली आणि तीन लहान मुलं बुडाली. २००७ साली कायदा कडक झाला. पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबरच त्याला गाडी देणारा, दारू देणारा आणि प्यालेल्या माणसाच्या गाडीत जाणूनबुजून बसणारा, हे सगळे गुन्हेगार ठरू लागले. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ब्रह्मजाल सूत्र असेल असं मी म्हणत नाही. पण कित्येक शतकांच्या अंतराने दोन्हींचं बोट एकाच हाताकडे जातं, ओतणाऱ्या हाताकडे. त्या पुलावर ज्यांचं गेलं त्यांच्या बाजूने या वेळी कायदा बसला.

आता आपल्याकडे येऊ. सरकारमान्य देशी दारूच्या दुकानात फळी असते, पण तिच्याशी कुणी बसत नाही. जाळीतून बाटली बाहेर येते. प्लास्टिकचा ग्लास, पाण्याचा पाऊच, फार तर चार फुटाणे, नाहीतर बोटावरचं मीठ. उभ्या उभ्या घशाखाली ढकलायचं, तोंड पुसायचं आणि ओळखीचं कुणी बघायच्या आत रस्त्याला लागायचं. पुरे म्हणणारं तिथे कुणी नाही. कोसंबीच्या घरांनी निदान भक्तीने दिली होती. आपल्याकडे मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आज तो महाराष्ट्राच्या नावाने चालतो, आणि त्याप्रमाणे दारू पिणाऱ्याजवळ परवाना हवा. म्हणजे कागदावर पंच सरकार आहे. आणि तेच सरकार उत्पादन शुल्काच्या वसुलीवर डोळा लावून बसलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगतची दुकानं ५०० मीटर मागे सारायला सांगितली, पुढे वीस हजारांच्या आतल्या वस्तीसाठी हे अंतर २२० मीटर झालं. कनेरगाव नाक्यासारखं महामार्गावर वसलेलं गाव या दुसऱ्या मापात येतं. मग सवलतींवर सवलती येत गेल्या. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. पंचाचा धंद्यात वाटा असला की तो किती डळमळतो, हे पाहायला जपानला जायची गरज नाही.

या सगळ्यात एक पंच मात्र मला खरा वाटतो आणि तो आपल्या गावांतला आहे. महाराष्ट्रात गावातल्या बायांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या. मजुरी बुडवून रांगेत न आलेलीचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं, ही या नियमातली मेख आहे. तरी बायांनी दुकानं बंद पाडली आहेत. दारूचा खर्च ज्यांच्या पदरात पडतो, त्या इथे निवाड्याला बसतात. जबरदस्ती आहे, असा आक्षेप घेतला जातो. प्रौढ माणसाने काय प्यावं हे बायकोने किंवा गावाने का ठरवावं? स्वातंत्र्याचा हा मुद्दा मी सहज बाजूला सारणार नाही. बंदी झाली की गावठी हातभट्टी सुरू होते, हेही खरं. पण स्वातंत्र्याच्या नावाने जो निवाडा मागितला जातो तो करणारी बुद्धी तिसऱ्या पेल्याला शाबूत राहते का, हा प्रश्न सागताच्या वेळी जसा होता तसाच आहे. आणि ज्या घरात आठवड्याची हजेरी शनिवारी संध्याकाळी नाक्यावरच संपते, त्या घरात स्वातंत्र्य कुणाचं गेलं ते मोजायला हवं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा या अंगाने वाचली पाहिजे. पंचशीलात ती गोष्ट आलीच होती. मग पुन्हा वेगळी का घ्यायला लावली? प्रतिज्ञा मोठ्याने, सगळ्यांच्या देखत घ्यायची असते. नंतर प्रत्येक जयंतीला, प्रत्येक लग्नात शील पुन्हा म्हटलं जातं आणि शेजारचे ते ऐकत असतात. त्यामुळे निवाडा पिणाऱ्याकडून काढून पहिल्या पेल्याच्या अलीकडे आणि वस्तीच्या कानांवर नेऊन ठेवला जातो. वारकऱ्याची माळही हेच करते. हिंगोली जिल्हा नामदेवांच्या नरसीचा. इथे माळकऱ्याला आग्रह करायचा नाही हे मांसमच्छी खाणाऱ्या, पिणाऱ्या माणसालाही ठाऊक असतं. गळ्यातली तुळस माळकऱ्याला आवरते त्याहून जास्त यजमानाला आवरते. जपानी फळीवर निवाडा प्रत्येक पेल्याला नव्याने होतो, इथे तो एकदाच होऊन गेलेला असतो. ज्यांच्या बापजाद्यांनी मालकाने मजुरीतला वाटा दारूने भागवलेला पाहिला असेल, त्यांना पेल्यागणिक निवाडा करत बसणं परवडणारं नव्हतं. मोजून पिण्याची संस्कृती जोपासायला फुरसत, पैसा आणि बसायला जागा लागते. तेव्हा ओसाकाच्या फळीवर आपलं शील जुनाट ठरत नाही आणि जपानी सहकाऱ्याचं ढिलं. दोघांचे पंच वेगळे आहेत, आणि मुलाने आपला सोबत नेलेला आहे.

मग त्याने फेरीला जावं का? दीघनिकायातल्या सिगाल सुत्तात दारूच्या सहा तोट्यांच्या लगोलग अवेळी रस्त्यांतून भटकण्याचे सहा तोटे सांगितलेले आहेत: स्वतः असुरक्षित, बायकोमुलं असुरक्षित, मालमत्ता असुरक्षित, वगैरे. संध्याकाळची मद्यफेरी या दोन्ही याद्यांत एकदमच बसते, हे कबूल करायला हवं. तरीही जावं असं मला वाटतं. मुलगा परदेशात एकटा आहे, सहकाऱ्यांच्या पंगतीतून तो उठला तर तुटेल. आणि ज्यांच्या वाडवडिलांना पंगतीबाहेर बसवलं गेलं त्यांच्या लेकराने आपण होऊन पंगत सोडणं मला रुचत नाही. इझाकायात उलाँग चहा मिळतो, साध्या ग्लासात बर्फ घालून, आणि तो घेऊन सगळ्यांसारखा पेला उंचावता येतो. जपानमध्ये मित्रांच्या टोळक्यातल्या एकाने न पिता गाडी सांभाळायची, अशी मोहीमही चालते. तेव्हा न पिणाऱ्याची जागा तिथे अगदीच परकी नाही.

अडचण वेगळीच आहे आणि ती फळीवर बसल्याशिवाय लक्षात येत नाही. तिथल्या रीतीप्रमाणे त्याला शेजाऱ्याचा पेला भरावा लागेल. स्वतः थेंबही न घेता दुसऱ्याला ओतणारा हात ब्रह्मजाल सूत्राच्या मापाने पिणाऱ्याहून दोषी. बाबासाहेबांची प्रतिज्ञा अक्षरशः पाळत तो हिएई पर्वताचं शील मोडत असेल. न ओतावं तर तो उद्धटपणा होईल. न पिण्यापेक्षा कितीतरी मोठा. मी म्हणेन, त्याने ओतावं. पहिल्या दुकानात ओतावं, दुसऱ्यातही ओतावं, आणि शेजारच्याचा चेहरा लाल होऊन शब्द लडखडू लागले की साकेची सुरई आपल्या बाजूला ठेवून भाताचा वाडगा मागवावा. त्या रांगेत बेरीज ठाऊक असलेला, शुद्धीवरचा आणि पाजण्यात काही न मिळणारा तो एकटाच असेल. वाटाड्याला पुढचं दुकान गाठायचं आहे आणि मालकाला बिल करायचं आहे. साहेबाला हे आवडणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याबद्दल काही ऐकून घ्यावं लागलं तर ते त्याने ऐकून घ्यावं.